व्यसनमुक्तीत सोबत्यांचा आधार

दारू, ड्रग्ज, जुगार सोडू बघणाऱ्याला त्यातून आधीच बाहेर पडलेल्यांनी दिलेली साथ म्हणजे सोबत्यांचा आधार. डॉक्टर, काउन्सेलर वेगळे आणि हे वेगळं, कारण इथे समोरच्याला थापा मारून उपयोग नसतो, त्याने त्या सगळ्या स्वतः मारून झालेल्या असतात.

यातलं सगळ्यात माहितीतलं नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला बिल विल्सन धंद्याच्या कामाला गेला होता, काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, बार समोरच, आणि दारू सुटून जेमतेम काही महिने झालेले. तेव्हा त्याने फोनाफोनी करून बोलायला दुसरा एक दारुडा शोधला, तो निघाला सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. १० जून १९३५ नंतर डॉक्टरने दारू घेतली नाही असं धरतात आणि तोच एएचा स्थापना दिवस. गंमत बघा, विल्सनने फोन केला तो स्वतः वाचायला, डॉक्टरला वाचवायला नाही. जुना मेंबर नवख्याला हात देतो त्यात अजूनही तेच आहे.

मीटिंगला फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही, अट एकच, प्यायचं सोडायची इच्छा हवी. एकजण बोलतो, बाकीचे मधे न तोडता ऐकतात. नवख्याला स्पॉन्सर मिळतो, म्हणजे तलफ आली की पहिला फोन त्याला. तलफ चढते तशी उतरतेही, तेवढा वेळ फोनवर निघाला तरी पुष्कळ.

घरच्यांसाठी अल-अनॉन (१९५१), ड्रग्जसाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस (१९५३), आणि ज्यांना एएतली देवाची भाषा नको त्यांच्यासाठी १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी.

उपयोग होतो का? कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात एए आणि पेशंटला एएशी जोडून देणारे उपचार, दारू पूर्ण बंद ठेवण्यात इतर उपचारांपेक्षा सरस दिसले. पण रोज भरपूर पिणाऱ्याने ग्रुपच्या जोरावर एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो, तिथे डॉक्टरच पाहिजे. काही ग्रुपात व्यसनावरची औषधं घेणाऱ्याला 'तू अजून सुटलेला नाहीस' असं ऐकवतात ते तर चूकच, हेरॉइनसारख्या अफूजन्य ड्रग्जच्या व्यसनात मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनी मृत्यू कमी होतात.

घरच्यांचं, शेजाऱ्यांचं कामही मोठं आहे पण ते भाषणातून होत नाही. काम देणं, लग्नकार्यात ग्लास पुढे न करणं, उधारी परस्पर न फेडणं, एवढं केलं तरी फरक पडतो. आणि स्लिप झाली, म्हणजे सोडलेलं पुन्हा घेतलं, तर हाकलून द्यायचं नाही, कारण सोडल्यानंतर शरीराची सवय मोडलेली असते आणि हेरॉइनचा जुनाच डोस पुन्हा घेतला तर तो जिवावर बेतू शकतो, अशा वेळी माणूस एकटा नसलेला बरा.