सलाईन की गोळी? ताकदीचे औषध मागण्याआधी रक्त तपासायला द्या

आमच्या काउंटरवर रोज निदान चार-पाच जण एकच गोष्ट सांगतात. "अंगात त्राण नाही. एखादी ताकदीची बाटली सांगा." पूर्वी ही मागणी लाल इंजेक्शनची असायची. आता पुण्या-मुंबईला असलेली मुले आईवडिलांना मोबाइलवर 'एनएडी ड्रिप'चे, म्हणजे पेशींना ऊर्जेसाठी लागणारे एक द्रव्य सलाईनसारखे शिरेतून सोडण्याचे, व्हिडिओ पाठवतात, आणि तो फोन आमच्यासमोर धरून विचारले जाते, "हे मिळेल का? नाहीतर याच्या गोळ्या तरी?" प्रत्येकाला उभ्या उभ्या पुरे उत्तर देता येत नाही. मागे रांग असते. म्हणून हे पत्रक छापले आहे.

आम्ही औषधविक्रेते आहोत. तुम्हाला कोणता उपचार द्यायचा, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण तोंडाने घेऊन काय भागते, शिरेतून काय द्यावे लागते आणि पैसे कुठे वाया जातात, हे गिऱ्हाइकाला नीट सांगणे आमचे काम आहे असे आम्ही मानतो.

सर्वांत आधी ती चूक

औषध आधी आणि तपासणी नंतर, ही ती चूक. हिच्यामुळे लोकांचे महिने जातात.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. पायांना मुंग्या यायच्या, जिना चढला की दम लागायचा. कुणीतरी सुचवले म्हणून त्यांनी दुसरीकडे बी-12 ची पाच इंजेक्शने घेतली. फरक वाटेना, म्हणून आमच्याकडे तपासणीला रक्त दिले. रिपोर्ट आला 2000 च्या वर. घरचे म्हणाले, बी-12 तर भरपूर आहे, दुसरे काहीतरी असणार. खरे तर तो आकडा नुकत्याच घेतलेल्या इंजेक्शनांचा होता. आधी कमतरता होती की नव्हती, मुंग्या त्यामुळे होत्या की साखरेमुळे, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येईना. इंजेक्शननंतर रक्तातली पातळी काही आठवडे, कधी काही महिने चढलेली राहते. बी-12 ची कमतरता दाखवणारी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी करता येते, पण ती महाग पडते आणि उपचार सुरू झाल्यावर तीही लवकर बदलते. बाईंचे तीन महिने नुसते वाट बघण्यात गेले. इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी रक्त दिले असते तर उत्तर दुसऱ्या दिवशी हातात पडले असते.

अशीच दुसरी गोष्ट केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांची. त्यांत बायोटिन असते, बरेचदा 5 किंवा 10 मिलिग्रॅम. काही यंत्रांवर हे बायोटिन थायरॉइडच्या तपासणीत घोळ करते: टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारे संप्रेरक) खोटे कमी दिसते आणि थायरॉइड वाढल्याचा भास होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली होती. थकवा आला की डॉक्टर थायरॉइड हमखास तपासायला सांगतात, म्हणून हे लक्षात ठेवा. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस अशा गोळ्या बंद ठेवा, आणि घेत असाल तर नमुना देताना तसे सांगा.

मात्र चालताना तोल जात असेल, हातापायाची जाणीव कमी झाली असेल किंवा हिमोग्लोबिन फारच उतरले असेल, तर तपासणीच्या नादात उपचार लांबवू नका. आज सकाळी रक्त द्या आणि आजच डॉक्टरांना गाठा.

बाटलीत असते तरी काय?

साध्या सलाईनच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. बाकी पाणी. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या एकूण मिठाची मर्यादा 5 ग्रॅम सांगते. म्हणजे ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी 'सहज म्हणून' बाटली लावून घेणे धोक्याचे आहे. ग्लुकोजच्या, म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. बाटली लावल्यावर तरतरी वाटते ती बहुतेक वेळा आत गेलेल्या पाण्याची आणि तासभर पंख्याखाली पडून राहिल्याची. व्हिटॅमिन मिसळलेल्या पिवळ्या बाटलीनंतर लघवी पिवळीधमक होते, ते बी-2 बाहेर पडत असते.

शिरेतून दिलेले नेहमीच जास्त गुणकारी असते, ही समजूत आपल्याच देशातल्या एका डॉक्टरने पन्नास वर्षांपूर्वी खोटी ठरवली. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला लावले. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून चारच्या खाली आला. आतड्यात ग्लुकोज आत जाताना मिठालाही बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागे पाणी जाते, एवढ्यावर हे सगळे चालते. आपण ओआरएस म्हणतो ते हेच. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला टेकतो तेव्हा गळून आलेल्या माणसाला, त्याला उलटी होत नसेल आणि तो शुद्धीवर असेल तर, आम्ही पहिल्यांदा ओआरएसचे पाकीट देतो. एक लिटरचे पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे, अर्धे अर्धे करायचे नाही. आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिला आहे ना, ते बघून घ्या. गोड सरबताचे खोके ओआरएसच्या शेजारी ठेवून आम्ही विकत नाही.

सतत उलट्या, शुद्ध हरपणे, लघवी बंद होणे, डेंग्यूत रक्तदाब खाली जाणे, अशा वेळी शिरेतूनच द्यावे लागते, आणि त्यासाठी दवाखानाच लागतो. घरी सिस्टर बोलावून नाही.

बी-12 आणि लोह

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 441 मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या 67 टक्के लोकांचे बी-12 कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण 81 टक्के होते. शाकाहारी घर, वर्षानुवर्षे चालू असलेली मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी: यांतले एक जरी लागू असेल तर थकव्याचे कारण शोधताना सुरुवात इथून करावी.

आता इंजेक्शन की गोळी? जठरात तयार होणारे एक प्रथिन बी-12 ला धरून आतड्यातून आत नेते, पण एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच. त्याखेरीज गोळीतला साधारण एक टक्का भाग आपला आपण झिरपतो. म्हणजे 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम रक्तात जातात, आणि शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. त्यामुळे पुष्कळ जणांचे गोळीवर छान भागते. नसांवर परिणाम झाला असेल तर डॉक्टर इंजेक्शनानेच सुरुवात करतात, ते योग्यच आहे. पण ते दंडात किंवा कमरेत द्यायचे असते. नुसत्या थकव्यासाठी ते बाटलीत टाकून वेगळे काही साधत नाही.

लोहाचे थोडे उलटे आहे. इथे शिरेचा खरा उपयोग आहे. गोळ्या सोसत नाहीत, आतड्यात शोषण होत नाही, गरोदरपणाचे शेवटचे महिने आले आणि हिमोग्लोबिन खालीच आहे, अशा वेळी दवाखान्यात दिलेले लोहाचे इंजेक्शन आठवड्यांचे काम एका बैठकीत करते. मात्र "गोळ्यांनी काही झाले नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, गोळी चहाबरोबर घेता का? निम्मे लोक हो म्हणतात. चहाने लोह अडते. गोळी आणि चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवा, लिंबू पिळलेले पाणी चालेल. आज मोठा डोस घेतला की शरीरातले एक संप्रेरक वाढते आणि उद्याच्या गोळीचे शोषण कमी होते, म्हणून काही डॉक्टर हल्ली एक दिवसाआड गोळी देतात. चिठ्ठीवर 'एक दिवसाआड' लिहिले असेल तर ती छपाईची चूक समजून रोज घेऊ नका.

आणि ते एनएडी

एनएडी हा पेशीतला हमाल आहे. जेवणातून निघालेली ऊर्जा मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यापर्यंत, वाहून न्यायची, रिकामे परत यायचे, पुन्हा उचलायचे. शोध नवा नाही: लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना 1906 मध्ये यीस्टच्या रसात त्याचा सुगावा लागला, आणि हार्डनना पुढे 1929 चे नोबेल विभागून मिळाले. वयाबरोबर शरीराच्या काही भागांत ते कमी होते, म्हणून ते भरून काढायची कल्पना निघाली.

शरीर ते मुख्यतः बी-3 जीवनसत्त्वापासून बनवते. बी-3 अगदीच संपले तर काय होते, हे आपल्या दख्खनने पाहिले आहे. 1960 च्या सुमारास हैदराबादचे डॉ. गोपालन आणि त्यांचे सहकारी जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमधला पेलाग्रा अभ्यासत होते. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, मन ठिकाणावर राहायचे नाही. यावरून भाकरी सोडू नका. डाळ, दूध, भाजी आणि शेंगा सोबत असल्या की हा धोका राहत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलिग्रॅम बी-3 असते. आपली शेंगदाण्याची चटणी या बाबतीत फार मोलाची आहे.

बाटलीबद्दल लोकांचा समज असा की शिरेत गेले म्हणजे पेशीत गेले. तसे होत नाही. अख्खे एनएडी पेशीच्या आवरणातून सहज आत शिरत नाही. बाहेरच त्याचे तुकडे होतात, ते तुकडे आत जातात आणि आत पुन्हा जोडणी होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत 11 पुरुष होते, त्यांतल्या आठ जणांना 750 मिलिग्रॅम एनएडी सहा तासांत दिले. पहिले दोन तास रक्तातल्या एनएडीत वाढच दिसली नाही. बाटली भरभर सोडली तर छाती आवळल्यासारखी होते, मळमळते, पोटात कळा येतात. आणि एका वेळचा खर्च हजारांत जातो.

तोंडाने घ्यायच्या गोळ्यांची माहिती त्यामानाने बरी आहे. निकोटिनामाइड रायबोसाइड (शरीर ज्यापासून एनएडी बनवते असे बी-3 चे एक रूप) रोज 1000 मिलिग्रॅम सहा आठवडे घेतल्यावर रक्तपेशींतले एनएडी सुमारे 60 टक्क्यांनी वाढले, असे 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 25 स्त्रियांवर झालेल्या 2021 च्या चाचणीत एनएमएन (हाही एनएडीचा कच्चा माल) रोज 250 मिलिग्रॅम दहा आठवडे दिले. त्या सगळ्या मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांच्या स्नायूंची इन्सुलिनला साथ सुधारली, पण वजन किंवा रक्तदाब बदलला नाही. माणसाचे म्हातारपण लांबणीवर पडते असे बाटलीनेही दाखवलेले नाही आणि गोळीनेही. त्याच विद्यापीठात जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना रोज पळवून दाखवले होते की व्यायामाने स्नायूंतला मायटोकाँड्रिया वाढतो. हे पुढे माणसांतही दिसले. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा थोडे वजन उचलणे यासाठी आमच्याकडून काही विकत घ्यावे लागत नाही.

तरीही एनएमएन किंवा रायबोसाइड घ्यायचेच असेल, तर डॉक्टरांशी बोलून या. विशेषतः कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आम्ही बॅच नंबर आणि मुदत दाखवून, पक्क्या बिलावर मागवून देतो. पहिल्यांदा एकच महिन्याची बाटली घ्या.

इंजेक्शन आणि सलाईन आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. ओळखीच्या माणसालाही नाही. यावरून काही गिऱ्हाइके रागावून गेली आहेत, पण शिरेत जाणाऱ्या वस्तूची जबाबदारी कुणा डॉक्टरांची आहे हे कागदावर असलेच पाहिजे. सतत फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे औषध एकदा घरी गेले की परत घेत नाही, कारण घरी ते कुठे ठेवले होते ते आम्हाला कळत नाही.

रक्ताचे नमुने सकाळी सात ते साडेनऊ घेतो. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक आणि केसांच्यासुद्धा, आणि गेल्या तीन महिन्यांत कुठलेही इंजेक्शन घेतले असेल तर त्याची तारीख लिहून आणा. ज्येष्ठांना जिना चढवत नसेल तर आदल्या दिवशी सांगा, घरी येऊन नमुना घेतो.