मंत्री एक, सचिव दोन: न्यू ब्रन्स्विकमधल्या वेगळ्या शाळांची पार्श्वभूमी

कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतात शिक्षणमंत्री एकच असतो, पण त्याच्या हाताखाली सचिव दोन. एक इंग्रजी शाळांचा, दुसरा फ्रेंच शाळांचा. 2012 च्या फेररचनेपासून चार शिक्षण जिल्हे इंग्रजीचे आहेत आणि तीन फ्रेंचचे. 2021 च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या जेमतेम पावणेआठ लाख होती. त्यात दर दहांतल्या साधारण तिघांची मातृभाषा फ्रेंच. एवढ्याशा प्रांताला दोन-दोन व्यवस्था कशाला, सगळी मुलं एकाच दुभाषी शाळेत का बसवू नयेत, असा सवाल तिथे दर काही वर्षांनी उठतो. सवाल रास्त वाटतो. पण अशा शाळा तिथे होऊन गेल्या आहेत, आणि त्यांचा अनुभव काय होता ते या वादात फार कमी वेळा सांगितलं जातं.

इथले फ्रेंच भाषक म्हणजे अकेडियन. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात या किनाऱ्यावर येऊन शेती करू लागले. 1755 पासून ब्रिटिशांनी त्यांना घरादारातून उठवून जहाजांत कोंबलं आणि दूरदेशी धाडलं. पुढच्या सात-आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त माणसं अशी उखडली गेली. जी परतली, त्यांच्या जुन्या सुपीक जमिनी तोवर दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. मग उत्तरेचा आणि पूर्वेचा किनारा धरून मासेमारीवर त्यांनी पुन्हा संसार उभे केले. आज मॉन्क्टन या शहरात फ्रेंच विद्यापीठ आहे, पण शहराचं आणि विद्यापीठाचंही नाव ज्या रॉबर्ट मॉन्क्टनवरून आलं तो त्या हकालपट्टीत सामील असलेला ब्रिटिश अधिकारी. विद्यापीठाचं नाव बदला, ही मागणी त्यामुळेच होत असते. तिथली जखम किती जुनी आणि किती ओली आहे, ते यावरून कळावं.

शाळांचा झगडा 1871 च्या कायद्याने पेटला. सरकारी पैशावरच्या शाळा यापुढे धर्मनिरपेक्ष असतील आणि त्यांच्यासाठी सर्वांनी कर भरायचा, असं त्या कायद्याने ठरवलं. अकेडियन कॅथलिक होते, त्यांच्या शाळा चर्चच्या आधाराने चालत. कॅनडाच्या 1867 च्या घटनेत धार्मिक शाळांना संरक्षण होतं, पण ते कायद्याने आधीच मिळालेल्या हक्कांपुरतं. न्यू ब्रन्स्विकमध्ये कॅथलिक शाळा रूढीने चालत होत्या, कायद्याने नव्हे, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडासाठी तेव्हाच्या सर्वात वरच्या न्यायालयाने, त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. कर न भरणाऱ्यांच्या मालमत्तेवर जप्त्या आल्या. जानेवारी 1875 मध्ये काराके गावात याच वादातून दंगल झाली. सशस्त्र तुकडी माणसं पकडायला एका घरात शिरली, माळ्यावर गोळीबार झाला. जॉन गिफर्ड हा तुकडीतला माणूस आणि लुई मायू हा 19 वर्षांचा अकेडियन तरुण, असे दोघे मेले. त्याच वर्षी सरकारने तडजोड केली. शाळेचे तास संपल्यावर धर्मशिक्षण चालेल, जोगिणी (नन) शिकवू शकतील. तडजोड धर्मापुरतीच होती. भाषेला तिच्यात जागा नव्हती, आणि पुढच्या शंभर वर्षांचं दुखणं तिथेच आहे असं मला वाटतं.

खालच्या इयत्तांत फ्रेंच पुस्तकं चालायची; वर जावं तशी इंग्रजी वाढत जायची. शाळांचा खर्च बराचसा स्थानिक करातून निघे, म्हणून गरीब अकेडियन परगण्यांत शाळाही गरीब आणि शिक्षकांचे पगार तुटपुंजे. जिथे दोन्ही भाषांची मुलं एका छताखाली होती, तिथे मैदानावरची, कार्यालयातली, सूचनाफलकाची भाषा इंग्रजी होऊन बसली. फ्रेंच मूल दुभाषी व्हायचं, इंग्रजी मूल एकभाषीच राहायचं. त्या दुभाषी मुलाचं मूल मग अनेकदा फक्त इंग्रजी बोलायचं.

1960 मध्ये लुई रोबिशो प्रीमियर झाले, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. निवडणूक जिंकून त्या पदावर बसलेले ते पहिले अकेडियन. त्यांनी 1967 मध्ये शिक्षण आणि आरोग्याचा भार परगण्यांकडून काढून प्रांताकडे घेतला, म्हणजे गरीब किनाऱ्यावरच्या मुलालाही शहरातल्या मुलाइतकाच खर्च मिळावा. 1969 मध्ये दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा आला. वर्षभर आधी मॉन्क्टनमध्ये विद्यार्थी महापालिकेवर मोर्चा घेऊन गेले होते. फ्रेंचमधून कारभार द्या, एवढीच मागणी. महापौर लिओनार्ड जोन्स यांनी ती धुडकावली. कायदा झाला तरी वागणूक बदलत नाही, हे अकेडियनांनी त्या काळात नीट पाहिलं.

म्हणून पुढची मागणी वेगळी होती: नुसते फ्रेंच वर्ग नकोत, शाळा चालवण्याचा अधिकार हवा. 1974 मध्ये शिक्षण खातं भाषेनुसार दुभागलं. 1981 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह प्रीमियर रिचर्ड हॅटफील्ड यांच्या सरकारने दोन्ही भाषिक समाज समान मानणारा कायदा केला. हॅटफील्ड यांचे अकेडियन मंत्री झां-मोरिस सिमार हे त्याचे खरे शिल्पकार. स्वतंत्र शैक्षणिक संस्थांचा हक्क त्यात होता. प्रत्येकाला हे मान्य नव्हतं. 1991 च्या निवडणुकीत द्विभाषिक धोरणाला उघड विरोध करणारा पक्ष आठ जागा जिंकून मुख्य विरोधी पक्ष झाला. तरीही 1993 मध्ये, फ्रँक मॅकेना प्रीमियर असताना, त्या कायद्याचा गाभा कॅनडाच्या घटनेत कलम 16.1 म्हणून गेला. आता केवळ विधानसभेतल्या बहुमताने तो काढता येत नाही.

त्यामुळे वाद कडेकडेने होत राहतात. 2015 मध्ये तो शाळेच्या बसवर आला. केंट परगण्यात दोन्ही शाळांची मुलं एकाच बसने जात होती, आणि बसही वेगळी हवी का, यावर प्रांतभर बोलणं झालं. पैसे वाया जातात, असं एक बाजू म्हणाली. दुसरी म्हणाली, लहान मुलाचा शाळेचा दिवस बसमध्येच सुरू होतो.

दुसरा वाद इमर्शनचा. इंग्रजी शाळेतल्या मुलांना बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवायचे, ही पद्धत क्वेबेकमध्ये 1965 मध्ये सुरू झाली. न्यू ब्रन्स्विकमध्ये ती पहिलीपासून असावी की तिसरीपासून, यावर सरकारं बदलली तसे निर्णय उलटसुलट होत गेले. 2008 मध्ये ती पहिलीतून काढली तेव्हा पालक रस्त्यावर आले. 2022 च्या डिसेंबरात ब्लेन हिग्ज सरकारने ती बंद करून सर्वांना अर्धा वेळ फ्रेंच देण्याची योजना मांडली. जनसुनावण्यांत पालक आणि शिक्षक एवढे चिडून बोलले, की 2023 च्या फेब्रुवारीत योजना मागे घ्यावी लागली. इमर्शन वाचवायला उभे राहिलेले बहुतेक पालक इंग्रजी भाषक होते.

शेजारच्या क्वेबेकचा प्रश्न उलटा आहे. तिथे फ्रेंच बहुसंख्य, आणि 1977 च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांच्या मुलांना सरकारी खर्चाच्या फ्रेंच शाळेतच पाठवलं. मॉन्ट्रियलला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं त्यामुळेच बाहेर फ्रेंच बोलत वाढतात.

न्यू ब्रन्स्विकच्या फ्रेंच शाळांत आज अशीही मुलं येतात, ज्यांची आई किंवा वडील अकेडियन आहेत पण घरात इंग्रजीच बोलली जाते. हक्काने त्यांना प्रवेश मिळतो, भाषा मात्र शाळेलाच आधी शिकवावी लागते.