बंद कचरा डेपोच्या शेजारी राहताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डेपोच्या गाड्या थांबल्या, ढिगावर माती पडली, पहिल्या पावसात गवतही आलं, की शेजारच्या सोसायट्यांना हायसं वाटतं. आम्हाला, म्हणजे अशा जागांशेजारचा गॅस आणि पाणी तपासणाऱ्यांना, येणारे बहुतेक फोन मात्र त्यानंतरचे असतात. बोअरच्या पाण्याला फेस येतोय, कंपाउंडची भिंत झुकली, पंप रूममध्ये शिरलं की डोकं गरगरतं. कचरा दिसेनासा झाला तरी आतलं कुजणं पुढची कित्येक वर्षं चालूच राहतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावभूमी (कचरा पुरायची जागा) बंद झाल्यावरही किमान 15 वर्षं देखरेख सांगितली आणि तोवर त्या जागेवर वस्ती नको म्हटलं, ते उगाच नाही.

नीट बंद करणं म्हणजे काय, हे पाहायचं तर मुंबईतल्या गोराईचं उदाहरण घ्या. खाडीकाठी 1972 पासून पडणारा कचरा 2007 मध्ये थांबवला. मग सुमारे 20 हेक्टरवरच्या त्या ढिगाला उतार दिले, वर झाकण घातलं, आत गॅसच्या विहिरी घेतल्या आणि जमणारा गॅस जाळायची सोय केली. 2016 च्या नियमांतलं झाकण असं: खाली 60 सेंटीमीटर पाणी न झिरपणारी चिकणमाती, तिच्यावर पाणी वाहून नेणारा 15 सेंटीमीटरचा थर आणि सगळ्यात वर 45 सेंटीमीटर लागवडीची माती. लहान गावांत आम्ही पाहतो ते वेगळंच. चार डंपर मुरूम किंवा काळी माती, आणि वर पाटी. काळी माती एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. जूनची पहिली सर त्या भेगांतून थेट कचऱ्यात उतरते आणि पायथ्याशी चहाच्या रंगाचं पाणी होऊन बाहेर पडते.

आता मुख्य मुद्दा, गॅस. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो, उरलेल्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. नियमाने मर्यादा ठेवली ती त्या खालच्या आकड्याच्या चौथाई, म्हणजे सव्वा टक्का. ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ असं आम्हाला दर दुसऱ्या सोसायटीत ऐकायला मिळतं. घरच्या सिलिंडरमध्ये वास मुद्दाम घातलेला असतो. मिथेनला स्वतःचा वास नाही, आणि कचऱ्याचा जो काही वास त्याच्यासोबत निघतो तो मातीतून येता येता गाळला जाऊ शकतो.

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात लॉस्को नावाचं गाव आहे. तिथे विटांच्या मातीसाठी खणलेली जुनी खाण कचऱ्याने भरून बंद केली होती. 24 मार्च 1986 च्या पहाटे शेजारचा एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला आणि घरातले तिघे जबर जखमी झाले. चौकशीत दिसलं ते असं: त्या रात्री काही तासांत हवेचा दाब झपाट्याने उतरला, जमिनीत दाबून राहिलेला गॅस खडकाच्या फटींतून आडवा सरकला आणि घराखाली साठला. ढिगावर झाकण होतं, पण गॅसला बाहेर जायची सोय पुरेशी नव्हती.

ही गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण आपल्याकडचा पावसाळा तेच करतो. वरची माती भिजून घट्ट होते, गॅसची वरची वाट बुजते, त्यात कमी दाबाचा पट्टा येतो. मग गॅस मुरमातून, कातळाच्या भेगांतून, पण त्याहूनही सोप्या वाटेने, म्हणजे केबल आणि ड्रेनेजच्या पाइपांभोवतीच्या पोकळीतून, सोसायटीत शिरतो. म्हणून फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी घेतलेलं एकच रीडिंग आणि त्यावरचा ‘सर्व ठीक’ असा शिक्का, याला आमच्या लेखी फारशी किंमत नाही. असे अहवाल स्वस्तात मिळतात, हे आम्हाला माहीत आहे.

एका ठिकाणचं सांगतो. डेपो भिंतीपलीकडे, सोसायटी सात मजली. मार्चमध्ये आमच्या मीटरवर सगळीकडे शून्य. जुलैत तीन दिवसांच्या झडीनंतर पुन्हा गेलो. बेसमेंटमध्ये तेव्हाही शून्यच. निघता निघता वॉचमनच्या केबिनमधल्या विजेच्या बॉक्समागे, जिथून केबल जमिनीतून वर येते त्या बोटभर भोकात नळी घातली, तर मीटर ओरडायला लागला. वॉचमनकाका तिथेच बिडी ओढत बसायचे. ते भोक योग्य सीलंटने बंद केलं, भिंतीलगत खडीचा चर आणि उघडे व्हेंट पाइप दिले, केबिन दुसऱ्या गेटला हलवली. खर्च फार नव्हता. सोसायटीच्या मीटिंगा मात्र चार झाल्या.

दुसरा त्रासदायक वायू हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास तो हाच, पण प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. तांबं आणि चांदी याला लगेच काळी पडतात. मालाडच्या चिंचोली बंदर भागात जुन्या डंपिंगच्या जागेवर कार्यालयं उभी राहिली, तेव्हा संगणक आणि सर्व्हर बिघडण्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. घरच्या घरी खूण हवी असेल तर देवघरातलं चांदीचं निरांजन पाहा, आणि एसीवाल्याला विचारा की कॉइलला पुन्हा पुन्हा गळती का लागते.

पाण्याचं थोडक्यात. आम्ही ढिगाच्या वरच्या अंगाची एक आणि उताराच्या अंगाच्या किमान दोन विहिरी किंवा बोअर धरतो, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घेतो. अमोनिया, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ते सांगणारं माप), जड धातू तपासतोच, पण पहिली नजर क्लोराइडवर असते. ते वाटेत मातीत अडकत नाही की कुजून नाहीसं होत नाही, त्यामुळे पाणी कुठून आलं याची चुगली करतं. खाडीकाठी मात्र क्लोराइड मुळातच जास्त, तिथे ही युक्ती चालत नाही. निकाल येईपर्यंत संशयित बोअरचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका.

ढिगावर एखादी जागा खचत असेल, तिथून कोरड्या दिवशीही वाफ निघत असेल, गवत गोल चट्ट्यात करपलं असेल, तर आत आग धुमसत असण्याची शक्यता आहे. जेसीबी लावून उकरू नका, उकरलं की हवा मिळते. अग्निशमन दलाला कळवा, मग आम्हाला.

आणि चेंबरमध्ये किंवा पंपाच्या खड्ड्यात कुणालाही उतरवू नका. कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली बसतो. पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

सध्या बऱ्याच डेपोंवर बायोमायनिंग चालू आहे. मुलुंडचा डेपो 2018 मध्ये बंद झाला आणि तिथला सुमारे 70 लाख टन जुना कचरा उकरून, चाळून हलवायचं काम निघालं. कायमचा उपाय म्हणून आम्हाला हा मार्ग पटतो. पण काम चालू असताना वास आणि धूळ आधीपेक्षा वाढते, हे रहिवाशांना आधीच सांगून ठेवा. त्या काळात महिन्याला एक भेट हवी.

आम्ही फक्त मोजतो आणि सुचवतो. झाकण घालण्याचं, पाइपचं कंत्राट घेत नाही, त्यामुळे काम फुगवण्यात आमचा फायदा नाही. भेटीआधी ड्रेनेजचा नकाशा (असेल तसा), बोअरची खोली आणि लिफ्टच्या खड्ड्याची किल्ली काढून ठेवा. तारीख आधी पक्की करत नाही. पावसाची झड लागली आणि दाब उतरताना दिसला की आदल्या संध्याकाळी फोन करू. ‘पाऊस थांबल्यावर या ना’ म्हणू नका, केबिनमध्ये कुणाला तरी बसवून ठेवा.