सार्वजनिक पेयजल उद्भवांचे संरक्षण

गाव किंवा शहर ज्या विहिरीतून, विंधनविहिरीतून, झऱ्यातून, तलावातून वा नदीतून पिण्याचे पाणी घेते, त्या उद्भवाच्या भोवतालच्या जमिनीवर काय करावे आणि काय करू नये हे ठरवणारे नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांना पेयजल उद्भवांचे संरक्षण म्हणतात. उद्भवाला धोका दोन बाजूंनी असतो. त्याचे पाणी शेजारचा कोणी उपसून नेतो, किंवा त्याच्या पाण्यात नको ते मिसळते. महाराष्ट्राच्या कायद्याने पहिल्या धोक्याकडे बारकाईने पाहिले आहे. दुसऱ्या धोक्यावरचे नियम मात्र निरनिराळ्या खात्यांच्या कागदांत विखुरलेले आहेत आणि त्यांतले काही येऊन गेलेही.

पहिला धोका समजण्यासाठी खडक समजून घ्यावा लागतो. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत. गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली खोलवर वाळूचे जाड, पाणी धरणारे थर असतात, तसे इथे नसतात. साठा थोडा असतो आणि तो दर पावसाळ्यात नव्याने भरावा लागतो. गावाची नळयोजनेची विहीर बहुधा नाल्याकाठी असते, कारण पाणी तिथेच लागते. शेजारच्या शेतकऱ्यालाही पाणी तिथेच लागते. त्याने मोसंबीच्या बागेसाठी त्याच भेगेवर दोनशे-तीनशे फुटांचे बोअर घेतले की, दिवाळीपर्यंत कोणाला काही कळत नाही. फेब्रुवारी उजाडला की सकाळी दीड तास चालणारा पंप वीस मिनिटांत हवा धरू लागतो. मग पाणी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग पंचायत समितीकडे टँकरचा प्रस्ताव आणि तहसीलदारांकडून एखाद्या खासगी विहिरीचे अधिग्रहण. पुष्कळदा अधिग्रहणाची विहीर त्याच मोसंबीवाल्याची निघते आणि गाव आपलेच पाणी शासनाच्या पैशाने परत घेते.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ विनियमन) अधिनियम, १९९३ आला. त्याचा गाभा म्हणजे ५०० मीटरचा नियम : सार्वजनिक पेयजल उद्भवापासून ५०० मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही नवी विहीर खोदता येणार नाही. परवानगी देणे-नाकारणे जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवले होते आणि तांत्रिक मत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचे. पाऊस कमी पडलेल्या वर्षी एखादे क्षेत्र टंचाईग्रस्त जाहीर झाले की, उद्भवाच्या एक किलोमीटर परिघातील जुन्या विहिरींच्या उपशावरही निर्बंध घालता येत. यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट, म्हणजे एकाच ओढ्या-नदीकडे पाणी वाहून आणणारी क्षेत्रे, पाडले आहेत. त्यांपैकी ज्यांत पुनर्भरणाच्या मानाने उपसा फार झाला, त्यांना अतिशोषित ठरवून तिथे नव्या विहिरींना मनाई करण्याची तरतूदही याच कायद्यात होती. विहीर बंद करायला लावल्यास नुकसानभरपाईची सोय होती.

कागदावर हा कायदा चोख होता. गावात त्याची गाडी अडली ती तक्रारीवर. बोअरची गाडी रात्री येते, पहाटेपर्यंत भोक पाडून पुढच्या गावाला जाते. सकाळी ग्रामसेवकाला दिसतो तो राखाडी चिखलाचा ढीग आणि केसिंग पाइपचे तोंड. तक्रार द्यायची तर सरपंचाने किंवा ग्रामपंचायतीने, आणि ती द्यायची बहुधा भावकीतल्याच माणसाविरुद्ध. तक्रार झालीच तर भूवैज्ञानिक येऊन अंतर मोजतो, तलाठी पंचनामा करतो, नोटीस निघते. तोवर बागेला पाणी सुरू झालेले असते आणि उभ्या पिकाचे पाणी तोडायला कोणताही अधिकारी सहज धजावत नाही. शिवाय ५०० मीटर हा आकडा कारभाराच्या सोयीचा आहे, खडकाला तो ठाऊक नाही. एका गावात ३०० मीटरवरचे बोअर वेगळ्या भेगेवर असल्याने निरुपद्रवी ठरते, तर दुसऱ्या गावात ७०० मीटरवरचे बोअर गावविहीर कोरडी करते.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने जुन्या कायद्याची जागा घेतली. नावात २००९ असले तरी तो प्रत्यक्ष अमलात आला २०१४ मध्ये. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला त्यात राज्य भूजल प्राधिकरणाची भूमिका दिली आहे, खाली पाणलोटनिहाय समित्या कल्पिल्या आहेत. ६० मीटर वा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर वेगळे नियंत्रण आणले आहे. उद्भवाभोवतीचे नियंत्रण कायम ठेवून भूजल दूषित करण्यासही त्यात मनाई आहे. जमिनीच्या वापराशी थेट भिडणारी यातली तरतूद पिकांची आहे : अधिसूचित क्षेत्रात उपलब्ध भूजलावर बेतलेला पीक आराखडा करणे आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घालणे. राज्यात उसाचे राजकारण ज्याला माहीत आहे, त्याला हे कलम किती धाडसाचे आहे ते वेगळे सांगायला नको. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकतींचा पाऊस पडला.

दुसरा धोका, म्हणजे वरच्या जमिनीवरून पाणी बिघडण्याचा, मुंबईच्या तीन तलावांवरून चांगला कळतो. मिठी नदीच्या उगमाकडे बांधलेल्या विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले. १८७९ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. दोन्ही तलावांचे पाणलोट आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तिथे आदिवासी पाडे सोडले तर मोठी शेती नाही, वसाहत नाही, कारखाना नाही. दोन्ही मिळून शहराला दिवसाला सुमारे ११ कोटी लिटर पाणी देतात. वैतरणा-भातसा धरणांच्या पुढे हा आकडा किरकोळ असला तरी दीड शतकानंतर महानगराच्या पोटात असलेले तलाव पिण्याला चालतात, हीच मोठी गोष्ट. विहारच्या खालच्या अंगाला १८९१ मध्ये पूर्ण झालेला पवई तलाव मात्र पिण्यातून केव्हाच बाद झाला. त्याचे पाणी आरंभीही फारसे चांगले मानले जात नव्हते, तो उथळही आहे, तेव्हा सगळा दोष शेजाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. तरी पुढे त्याच्या काठाने वसाहती, हॉटेले, रस्ते उभे राहिले, सांडपाणी आले, जलपर्णी माजली आणि तो पुन्हा पिण्यायोग्य होण्याची शक्यताच संपली. आता त्याचे पाणी पिण्याखेरीजच्या कामांना जाते. विहार आणि पवई शेजारी शेजारी आहेत, पाऊस तोच, खडक तोच. पाणलोटाची जमीन कोणाच्या ताब्यात राहिली आणि तिच्यावर काय होऊ दिले, हा फरक मोठा.

जंगल राखण्याची किंमतही कोणीतरी मोजत असते. या डोंगरांतले आदिवासी पाडे उद्यानापेक्षा जुने आहेत आणि आपल्याच रानात ते अतिक्रमणदार ठरण्याचे वाद अजून मिटलेले नाहीत. पाणलोट संरक्षणाच्या सरकारी कागदांत ही बाजू क्वचितच येते.

राज्यातल्या बहुतेक धरणांची गत विहारसारखी नाही. धरण बांधताना पाटबंधारे खाते जमीन संपादन करते ती साधारणपणे पूर्ण संचय पातळीपर्यंत, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढते तिथवर. त्या रेषेच्या वरचा उतार खासगीच राहतो. पुणे शहर ज्या खडकवासला धरणसाखळीवर जगते, तिथे हे डोळ्यांनी दिसते : पाणी संपते तिथून काही पावलांवर फार्महाउसची कुंपणे, रिसॉर्ट, चुलीवरच्या जेवणाचे फलक आणि त्यांच्या मागे सेप्टिक टँक. वरसगाव जलाशयाच्या काठावरील लवासा प्रकल्पाला २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. तो वाद पर्यावरण परवानगी, डोंगरफोड आणि जमीन संपादनावर गाजला. त्या जलाशयाचे पाणी खाली पुणेकरांच्या पाण्यात मिसळते, ही गोष्ट चर्चेत बरीच मागे राहिली.

नदीकाठच्या जमिनीसाठी राज्याने एकदा स्पष्ट नियम केला होता. नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले. नद्यांच्या पट्ट्यांचे पाण्याच्या वापरानुसार वर्ग पाडले होते. फक्त निर्जंतुकीकरण करून पिता येईल असे पाणी ज्या पट्ट्यात, तो अ-१. अशा पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तीन किलोमीटरपर्यंत उद्योगांना मज्जाव होता, त्यापलीकडे प्रदूषणाच्या वर्गवारीनुसार सवलत मिळत जाई. उद्योगांना हे अंतर जाचक वाटत होते. २०१५ मध्ये राज्य सरकारने हे धोरणच रद्द केले. प्रदूषण नियंत्रणाचे इतर कायदे पुरेसे आहेत, असे त्यामागचे म्हणणे होते. इतर कायदे सांडपाणी कसे सोडावे ते सांगतात. कारखाना कुठे असू नये, हे सांगणारी सरळ रेषा धोरणासोबत गेली. विकास आराखड्यात आज जी निळी आणि लाल रेषा दिसते तिचा हेतू वेगळा आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. ती घर पुरापासून वाचवते, नदीला घरापासून नाही.

थंड हवेच्या ठिकाणी चित्र थोडे बरे आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. जमिनीचा वापर बदलणे, डोंगरउतारावरचे बांधकाम, झाडतोड यांवर त्यामुळे बंधने आली. वेण्णा तलाव आणि माथेरानचा शार्लट तलाव त्या क्षेत्रांत येतात. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा विहिरींची नोंदणी आणि उपशाची परवानगी सांभाळतो, पण तिथला खरा प्रश्न खाणींचा. दक्षिण गोव्याला पाणी देणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणी होत्या.

गावपातळीवर सर्वांत नियमितपणे होणारे काम म्हणजे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होणारे उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण. आरोग्यसेवक आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीवर जाऊन छापील प्रश्नावली भरतात : जवळ शौचालयाचा शोषखड्डा आहे का, उकिरडा आहे का, गटार वाहते का, कठडा फुटला आहे का, ओट्याला चिरा आहेत का, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का. जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे टिकवले आणि साथ आली नाही तर चंदेरी. लाल कार्डामागे कारखाना वगैरे काही नसते. हातपंपाच्या ओट्यावर भांडी घासतात, खरकटे पाणी फुटलेल्या सिमेंटमधून आत मुरते, आणि दहा हातांवर शेणाचा ढीग असतो. ओटा नीट करायला दोन पोती सिमेंट पुरते. उकिरडा हलवायला मात्र ज्याच्या दारात तो आहे त्याची संमती लागते. शोषखड्डा आणि विहीर यांत साधारण १५ मीटर अंतर ठेवा असे सांगतात, पण भेगाळलेल्या पाषाणात घाण सांध्यातून सरळ धावते, तेव्हा त्या अंतरावरही फार विसंबता येत नाही.

या नियमांआधीही गावात पाण्याभोवती नियम होतेच. ओढ्यावर वरच्या अंगाला पिण्याचे, मग जनावरांचे, सर्वांत खाली धुण्याचे पाणी, ही वाटणी अनेक ठिकाणी पाळली जाई. तिच्यातच विटाळाचे अंतरही मिसळलेले होते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने सर्वांना खुले केल्याचा ठराव होऊनही दलितांना तिथे पाणी घेऊ दिले जात नव्हते, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. न्यायालयातील वादाचा निकाल १९३७ मध्ये लागला. पाण्यापासून कोणी किती दूर राहायचे, हा प्रश्न इथे नुसता आरोग्याचा कधीच नव्हता.

परदेशांत अंतराऐवजी वेळ मोजण्याची पद्धत आहे. जर्मनीत विहिरीभोवती तीन पट्टे आखतात. मधला पट्टा भूजलाला विहिरीपर्यंत पोहोचायला ५० दिवस लागतील इथवर असतो, कारण तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू मरतात. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅटस्किल डोंगरांतल्या गावांशी करार केला. त्या पाणलोटातली जमीन विकत घेणे, शेतकऱ्यांचे गोठे आणि गावांची सांडपाणी व्यवस्था सुधारणे यासाठी शहर पैसे देते आणि त्या बदल्यात त्या पाण्यासाठी महागडा गाळणी प्रकल्प टाळते. आपल्याकडे विहीर बंद करण्याची भरपाई कायद्यात आली, पण वरच्या शेतकऱ्याने खत कमी टाकावे म्हणून खालच्या शहराने त्याला पैसे द्यावेत, अशी घडी अजून बसलेली नाही.

पैसे न देता नियम पाळले जाण्याचे ठळक उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजार. सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून तिथे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीसोबत शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आली, ऊस आणि केळीही वर्ज्य झाली. ५०० मीटर मोजण्याची वेळच येत नाही, कारण बंदी साऱ्या शिवाराला लागू आहे आणि ती पाळली जाते ती ग्रामसभेच्या धाकाने. पावसाळा संपला की पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसे आणि जनावरे यांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, मग रब्बीला किती उरते ते पाहतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी कोणती पिके घ्यायची नाहीत, हे त्याच बैठकीत ठरते.