रानटी गूजबेरी (परसबागेतील लागवड)

रायबीस प्रजातीतील काटेरी, पानगळी झुडपे. आवळ्याशी त्यांचा काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात रायबीस मिसुरीएन्स, तर पॅसिफिक किनाऱ्यालगत रायबीस डिव्हॅरिकेटम ही जाती जंगलाच्या कडेने, विरळ सावलीत वाढते.

बागेतली जागाही तशीच हवी. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली या झुडपांना मानवते. कडक उन्हात पाने करपतात. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही, तर डोळे (फांदीवरच्या कळ्या) नीट फुटत नाहीत. त्यामुळे उष्ण प्रदेशात खतपाणी करूनही फळाची आशा धरू नये. जमीन निचऱ्याची, पण ओल धरणारी असावी. दोन झुडपांत एक ते दीड मीटर अंतर ठेवतात. पोटॅश द्यायचे तर सल्फेटच्या रूपात; म्युरेटमधले (पोटॅशियम क्लोराइड खतातले) क्लोराइड मुळांना सोसत नाही.

रोपे विकत घेण्याची फारशी गरज पडत नाही. खालची फांदी वाकवून मातीत दाबली की मुळे फुटतात. असे दाब कलम वर्षभरात वेगळे करता येते. बियांना मात्र आधी काही महिने ओलसर थंडीत ठेवावे लागते.

खरे काम छाटणीचे, आणि नेमके तेच टाळले जाते. फळे मुख्यतः दोन-तीन वर्षांच्या फांद्यांवर धरतात. चौथ्या वर्षाची फांदी काळपट, खरखरीत सालीवरून ओळखू येते. झुडूप सुप्तावस्थेत असताना ती थेट बुडातून कापावी. नुसते शेंडे खुडल्याने झुडूप आतून दाटते, हवा खेळत नाही आणि भुरी (पानाफळांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) वाढते. दाट झुडपात काट्यांतून हात घालून फळे तोडणे हीदेखील शिक्षाच. गूजबेरी सॉफ्लाय या माशीसारख्या किडीच्या हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या आतल्या, खालच्या पानांपासून सुरुवात करतात. बाहेरून झुडूप हिरवेगार दिसते, तोवर आतली पाने फस्त झालेली असतात.

फूल स्वपरागित असल्याने एकटे झुडूपही फळते. जेलीसाठी फळे हिरवी, आंबट असतानाच तोडावीत, कारण तेव्हा जेली घट्ट करणारे पेक्टिन जास्त असते. नुसती खायची तर जांभळी होऊ द्यावीत, पण मग पक्ष्यांपासून राखण्यासाठी जाळी हवीच.

ही झुडपे पांढऱ्या पाइन वृक्षांना मारक ठरणाऱ्या तांबेरा या बुरशीजन्य रोगाची दुसरी आश्रयदाती आहेत, म्हणजे पाइनखेरीज ही बुरशी यांच्यावरही वाढते. त्यामुळे अमेरिकेत लागवडीवर संघीय बंदी होती. ती १९६६ मध्ये उठली, तरी काही राज्यांत निर्बंध कायम आहेत.