पुडीतली साखर ताकदीसाठी नसते

बाळाला जुलाब लागले की घरात आधी सलाईन लावायची का याचीच चर्चा, आणि मेडिकलमधून आणलेली ओआरएसची पुडी मात्र थोडी ग्लासात टाकायची न उरलेली दुमडून फ्रिजवर ठेवायची. हे करू नका हो, त्यात प्रमाणालाच सगळी किंमत आहे.

जुलाबात आतड्यातून पाणी न क्षार भराभर बाहेर पडतात, तरी ते आत ओढून घ्यायची एक वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. तिथून ग्लुकोज (पुडीतली साखर) आणि सोडियम (मिठातला क्षार) जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. म्हणजे साखर असते ती मिठाला आत न्यायला. पण ती जास्त झाली की उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात, म्हणून कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस अजिबात नको. आणि पुडी कमी पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं, लहान बाळाला ते फार धोक्याचं.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधं मीठ न खायचा सोडा यांचं पाणी नळ लावलेल्या पिंपांत भरून ठेवलं, आणि पाजायचं काम पेशंटच्या घरच्यांकडेच दिलं! तीसेक टक्के माणसं दगावत होती, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. इतकं मोठं काम, पण त्यांना पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२३ मध्ये, याची खंत वाटते.

तर मोठी पुडी असेल तर अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटी असेल तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा, तेव्हा आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच ठेवा, आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरी.

बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसतेय, शीतून रक्त येतंय किंवा काही पीतच नाही, तर लगेच दवाखाना गाठा, आणि पिऊ शकत असेल तर वाटेतही पाजत राहा.