वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

सागरविज्ञानाचा पहिला कोर्स घेऊ का, असं विचारणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा देवमासे, प्रवाळ आणि पाणबुडे असतात. पोहता यायला हवं का, असंही काही जण विचारतात. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाला की फळ्यावर येतात ती क्षारता, घनता आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. काहींचा तिथेच हिरमोड होतो. माझ्या मते मात्र कोर्समधला सर्वांत सुंदर भाग तोच आहे, आणि तो नीट समजावा म्हणूनच हा लेख.

अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. भूविज्ञानाच्या भागात समुद्राचा तळ, तिथल्या पर्वतरांगा आणि सरकणारे भूपट्ट. रसायनाच्या भागात खारेपणा : एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरातून आणलेल्या नमुन्यांपैकी 77 नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि 1884 मध्ये दाखवून दिलं, की पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. तिसरा भाग जीवशास्त्राचा, म्हणजे प्लवकांपासून (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांपासून) माशांपर्यंतची अन्नसाखळी. हे सगळं वाचून समजतं. अडतं ते चौथ्या भागात, भौतिकीत. तिथला एक प्रश्न असा : उत्तर गोलार्धात, भर समुद्रात, वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे सतत वाहतो आहे. त्याच्या रेट्याने समुद्राचा वरचा थर एकूणात कुठे जाईल?

‘उत्तरेकडे’ हे उत्तर चूक आहे. पाणी जातं पूर्वेकडे. वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे.

याचा पहिला सुगावा लागला बर्फात. नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रिटजॉफ नान्सेन यांनी 1893 मध्ये ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम गोठवून घेतलं आणि 1896 पर्यंत ते बर्फाबरोबर वाहत राहिलं. त्या प्रवासात नान्सेन यांच्या लक्षात आलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरकत नाही. तो वाऱ्याच्या 20 ते 40 अंश उजवीकडे सरकतो. कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे, हे त्यांनी ताडलं होतं. गणित मांडण्यासाठी त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांना विचारलं, आणि ब्यर्कनेस यांनी तो प्रश्न वाग्न वालफ्रिड एकमन या स्वीडिश विद्यार्थ्यापुढे ठेवला. एकमन यांचा सविस्तर निबंध 1905 मध्ये आला. आजही पहिल्या कोर्समध्ये जवळपास तोच शिकवतात.

आधी कोरिऑलिस बल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी वळवणारं बल. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने फिरते, तर 60 अंश अक्षांशावरची याच्या निम्म्याने. विषुववृत्ताजवळून उत्तरेकडे निघालेलं पाणी तो जास्तीचा पूर्वेकडचा वेग बरोबर घेऊन जातं, म्हणून खालच्या जमिनीच्या पुढे निघतं आणि आपल्याला उजवीकडे वळलेलं दिसतं. पूर्वेकडे जाणारं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरत असल्याने अक्षापासून बाहेर रेटलं जातं आणि विषुववृत्ताकडे, म्हणजे पुन्हा उजवीकडेच वळतं. उत्तर गोलार्धात कुठेही जा, वळण उजवीकडे. दक्षिण गोलार्धात डावीकडे. ऐन विषुववृत्तावर शून्य.

आता वरच्या थराकडे पाहू. वारा फक्त पृष्ठभागालाच ढकलू शकतो. पृष्ठभाग घर्षणाने आपल्या खालच्या पाण्याला ओढतो, ते त्याच्या खालच्याला. प्रत्येक पातळीवर थोडा वेग हरवतो आणि प्रत्येक पातळी वरच्यापेक्षा थोडी आणखी उजवीकडे वळते. पत्त्यांचा कॅट हातात धरून पिळला तर पत्ते जसे जिन्यासारखे फिरत जातात, तसं हे चित्र आहे. एकमन यांच्या गणितात पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या 45 अंश उजवीकडे जातं. खाली जाता जाता एका खोलीवर पाणी पृष्ठभागाच्या बरोबर उलट दिशेने वाहू लागतं, पण तिथे त्याचा वेग पृष्ठभागाच्या सुमारे 4 टक्केच उरतो. हा थर साधारण दहा-वीस मीटरपासून शंभरेक मीटरपर्यंत जाडीचा असतो.

ही सर्पिल आकृती पुस्तकात फार देखणी दिसते. पण लाटा, खळबळ आणि दिवसरात्रीचं तापणं-निवणं यांमुळे खऱ्या समुद्रात ती इतकी नेटकी सापडत नाही. तिच्यापेक्षा भक्कम आहे तो काटकोन, आणि मला खरं वेड लागलं ते त्याचंच. संपूर्ण थर एकच वस्तू समजा. त्यावर वारा उत्तरेकडे बल लावतो आहे, आणि तरी थराचा वेग वाढत नाही, तो स्थिर आहे. म्हणजे तेवढंच बल कुणीतरी दक्षिणेकडे लावत असलं पाहिजे. ते फक्त कोरिऑलिस बल असू शकतं. आता कोरिऑलिस बल नेहमी गतीच्या उजवीकडे असतं. उजवा हात दक्षिणेला यायचा तर तोंड पूर्वेकडेच हवं. झालं सिद्ध. पाण्यात आतलं घर्षण किती आहे, हे कळण्याची गरजच पडली नाही! घर्षणाचा अंदाज चुकला तर थराची जाडी चुकेल, सर्पिलाचा आकार चुकेल. एकूण वाहून गेलेलं पाणी चुकणार नाही. 1980 च्या दशकात अटलांटिकमध्ये तरंगत्या बोयांखाली प्रवाहमापक टांगून मोजमापं झाली, त्यांतही हा काटकोन दिसला.

पाणी किती जातं, तेही काढता येतं. वाऱ्याचा दर चौरस मीटरवरचा घर्षणताण भागिले पाण्याची घनता, भागिले कोरिऑलिस गुणक (त्या अक्षांशावर कोरिऑलिस बल किती प्रभावी आहे हे सांगणारा आकडा). मध्य अक्षांशांवर ताशी 25-30 किलोमीटरचा साधा वारा घेतला तर उत्तर येतं : दर मीटर रुंदीमागे सेकंदाला सुमारे 1 घनमीटर पाणी. किरकोळ वाटतं ना? हाच वारा 1000 किलोमीटर किनाऱ्याला समांतर वाहिला तर सेकंदाला 10 लाख घनमीटर पाणी आडवं सरकतं, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या सुमारे पाच नद्या. सागरविज्ञानात या प्रमाणाला 1 स्वेर्ड्रुप म्हणतात.

कोरिऑलिस बलाच्या नावावर एक थाप जगभर खपते : बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेने आणि दक्षिणेत उलट गिरकी घेत जातं. विषुववृत्तावर पर्यटकांना घमेलं घेऊन याचे ‘प्रयोग’ करून दाखवतात. बेसिन मिनिटभरात रिकामं होतं, पृथ्वीला एका फेरीला दिवस लागतो. तेवढ्या वेळात कोरिऑलिसचा परिणाम नगण्य असतो आणि गिरकी ठरते ती पाणी ओतताना झालेल्या हालचालीने. 1962 मध्ये अ‍ॅशर शापिरो यांनी हा परिणाम प्रयोगशाळेत दाखवला खरा, पण त्यासाठी मोठ्या टाकीतलं पाणी 24 तास निश्चल ठेवावं लागलं. घमेल्यातली जादू घमेलं फिरवणाऱ्याच्या मनगटात असते.

समुद्रात मात्र बल खरं काम करतं, कारण तिथे अंतर आणि वेळ दोन्ही भरपूर आहेत. उत्तर अटलांटिक घ्या. दक्षिण भागात व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात, त्यांच्या उजवीकडे म्हणजे उत्तरेला पाणी सरकतं. उत्तर भागात पश्चिमी वारे पूर्वेकडे वाहतात, त्यांचं पाणी दक्षिणेला सरकतं. दोन्हीकडून आलेलं पाणी मधे साचतं आणि समुद्राची पातळी तिथे आजूबाजूपेक्षा मीटरभर उंच राहते. या उंचवट्यावरून उतरू पाहणारं पाणी पुन्हा उजवीकडे वळतं आणि उंचवट्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत राहतं. असाच चक्रप्रवाह उत्तर पॅसिफिकमध्ये आहे. गोळा झालेलं पाणी हळूहळू खाली दबतं, तरंगणारं प्लॅस्टिक मात्र वरच राहतं. म्हणून कचरा तिथे जमतो. त्याला ‘अंतराळातून दिसणारं प्लॅस्टिकचं बेट’ म्हणणं चूक आहे. तिथे बेट नाही, बहुतेक बारीक तुकडे विखुरलेले आहेत, आणि म्हणूनच ते गोळा करणं इतकं कठीण आहे.

परीक्षेत हमखास येतो तो पेरूचा किनारा. वारा किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे. गोलार्ध दक्षिण, म्हणून पाणी वाऱ्याच्या डावीकडे, पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर. त्याची जागा भरायला खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर अँकोव्ही मासे, आणि त्यांवर जगातली एकाच जातीच्या माशांची सर्वांत मोठी मासेमारी. 1972 मध्ये ती कोसळली. अतोनात मासेमारी चालू होतीच, त्यात एल निनो आला, म्हणजे दर काही वर्षांनी पूर्व पॅसिफिकचं वरचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, ती स्थिती. इथे विद्यार्थी पटकन लिहितात, ‘वारा थांबला, पाणी वर येणं बंद झालं’. किनाऱ्यावरचा वारा एल निनोतही वाहू शकतो आणि पाणीही वर येत राहतं. पण वरचा उबदार थर जाड होऊन थंड पाणी खूप खोल गेलेलं असतं, आणि अपवेलिंगची ओढ तिथवर पोहोचत नाही. वर येतं ते उबदार, पोषकद्रव्यं नसलेलं पाणी.